केमो चालू असताना रुग्णालयाच्या किचनमधलं जेवण द्यावं का?

तुमच्या आईची केमो चालू आहे, रुग्णालयाच्या किचनमध्ये भिंतीवर काळी बुरशी दिसली आणि आता तिथलं जेवण बंद करून घरचा डबा न्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. किचनमध्ये पेट्री डिश (जंतू-बुरशी वाढवून पाहायची उथळ, झाकणाची बशी) ठेवायचं काम माझ्याकडेच असतं. तासभर झाकण काढून ठेवायची, हवेतून पडेल ते पडू द्यायचं, मग लॅबमध्ये 25 अंशांना 5 ते 7 दिवस. एका पावसाळ्यात शेगडीजवळच्या डिशमध्ये जेमतेम दोन ठिपके आले होते. कोठीच्या दाराशी ठेवलेली डिश मात्र हिरव्या-काळ्या बुरशीने भरून गेली, कारण त्याच वेळी तिथे पिठाची आणि मसाल्यांची पोती झटकली जात होती. भिंत त्या कोठीची अगदी स्वच्छ होती.

म्हणून भिंतीपेक्षा मला ताटात शिजल्यानंतर काय पडतं, याची जास्त काळजी वाटते. उकळत्या वरणात बुरशीचे बीजाणू टिकत नाहीत. पण वरून भुरभुरलेली मिरपूड, कच्ची कोथिंबीर, शेंगदाण्याचं कूट, आधीच कापून ठेवलेली फळं, कालचा पाव, हे ताटात येण्याआधी पुन्हा गरम झालेलं नसतं. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचा बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचा, डोळ्यांना दिसणारच नाही. वॉर्डात हेपा फिल्टर असला तरी तो हवा गाळतो, ताट नाही. खवट, कुबट वासाचे शेंगदाणे तर भाजूनही चालत नाहीत. त्यांत बुरशीने तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही.

आईच्या न्यूट्रोफिलचा, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या आणि केमोने कमी होणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, आकडा आजच विचारा. तो 500 च्या खाली असेल तर किचन कितीही चकचकीत असो, वरच्या यादीतलं काहीही देऊ नका. गरम, झाकून आलेलं, लगेच वाढलेलं जेवण द्यायला हरकत नाही, पण एकदा डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना विचारून घ्या. घरच्या डब्यालाही हेच लागू. तीन तास रिक्षा-लोकलमध्ये कोमट झालेला डबा तर मी माझ्या माणसाला देणार नाही, त्यात जिवाणू वाढतात.

त्या भिंतीबद्दल किचनच्या प्रमुखांना आणि इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना लेखी कळवा. मुळात ओल कुठून येते ते शोधून बंद करायला सांगा. आणि एक गोष्ट आवर्जून सांगा: ती बुरशी कोरड्या झाडूने खरवडायची नाही, अन्न उघडं असताना तर मुळीच नाही. आधी ओली करून, फडक्याने पुसून काढायची.