बिल अडकलं म्हणून पगार अडकवता येत नाही

प्रश्न : कारखान्याला कंत्राटी कामगार पुरवण्याची माझी छोटी फर्म आहे. ६२ कामगार एकाच कंपनीत आहेत. कंपनीने तीन महिन्यांची बिलं थकवली. दोन महिने पदरचे घालून पगार केले, मागच्या महिन्याचा मात्र राहिला. त्या दोन महिन्यांचा पीएफही भरलेला नाही. 'कंपनीकडून पैसे आल्यावर पगार मिळेल' असं नेमणूकपत्रात लिहून सह्या घेतल्या आहेत, तरी चार जण कामगार आयुक्तांकडे गेले. माझी बाजू भक्कम आहे ना? पगारचिठ्ठीची प्रत जोडली आहे.

उत्तर : ताई, त्या ओळीच्या भरवशावर राहू नका. वेतन संहितेत मालक या शब्दात कंत्राटदारही येतो, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो. कामगाराने सही करून हा हक्क सोडला तरी तो सुटत नाही. अशी नेमणूकपत्रं मी ढिगाने पाहिली आहेत. आयुक्तांसमोर ती कंत्राटदाराच्या उपयोगी पडल्याचं पाहिलेलं नाही. उलट पगार लांबणार हे आधीच ठाऊक होतं, असाच अर्थ त्यातून निघतो.

पण कंपनीलाही हात झटकता येणार नाहीत. कंत्राटदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर तो मूळ मालकाने, म्हणजे काम करून घेणाऱ्या कंपनीने, द्यायचा आणि कंत्राटदाराच्या बिलातून वळता करून घ्यायचा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही आहे. किमान पन्नास कंत्राटी कामगारांची अट तुम्ही ओलांडलेली असल्याने ही तरतूद तुम्हाला लागू होते. (त्याच कारणाने परवानाही लागतो. तो चालू आहे ना, तेवढं आजच बघा.) तेव्हा कंपनीला लेखी कळवा: पगार थकला आहे, तो थेट कामगारांच्या खात्यात जमा करा आणि आमच्या बिलातून वजा करा. मोठं गिऱ्हाईक दुखावेल म्हणून हे पत्र बहुतेक जण लिहीत नाहीत. तुम्ही लिहा. आयुक्तांकडच्या तारखेला त्याची पोच हातात असली की चर्चेचा सूर बदलतो.

मला खरी काळजी वाटली ती पगारचिठ्ठी बघून. वेतन १४,०००, पीएफ कपात ३,३६०. म्हणजे कामगाराचे १२ टक्के आणि तुमचे १२ टक्के, दोन्ही त्याच्याच पगारातून! तुमच्या हिशेबनीसाने 'सीटीसीत (कामगारामागच्या एकूण खर्चात) धरलंय' असं सांगितलं असणार. मालकाचा वाटा खर्चात धरून पगार ठरवायला हरकत नाही, फक्त तो किमान वेतनाखाली जाता कामा नये. पण एकदा वेतन १४,००० ठरलं की त्यातून मालकाचा वाटा कापणं बेकायदा आहे. कपात १,६८० रुपयेच हवी होती. ईएसआयचंही (कामगार विम्याचंही) तसंच: कामगाराचे ०.७५ टक्के, म्हणजे १०५ रुपये, ३.२५ टक्के तुमचे. सगळ्यांचं वेतन एवढंच धरलं, तर बारा महिन्यांत पीएफपोटी जादा कापलेली रक्कम साडेबारा लाखांच्या घरात जाते. तक्रार करणाऱ्या चौघांनी अजून हा मुद्दा काढलेला दिसत नाही. तो निघण्याआधी सगळ्यांच्या खात्यात परतावा सुरू करा, हप्त्याने का होईना.

आणि त्या दोन महिन्यांचा पीएफ तर कापून घेतलाय, भरलेला नाही. कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा न भरणं हा फौजदारी विश्वासघात ठरतो. पीएफ भरायची पुढच्या महिन्याची पंधरा तारीख चुकली की वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, दंड निराळा. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'चेकमेट सर्व्हिसेस' प्रकरणात सांगितलं, की कामगारांचा वाटा पीएफच्या मुदतीनंतर भरला तर तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याप्रमाणे त्याची वजावट मिळत नाही. तेही प्रकरण मनुष्यबळ पुरवणाऱ्या धंद्यातलंच होतं. हातात पैसे थोडे असतील तर आधी निव्वळ पगार, लगेच कामगारांचा वाटा, मग बाकीचं.

आता तुमचं येणं. उद्यम नोंदणी (लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे का, ते पत्रात नाही. कंत्राट घेण्याआधीपासून असेल, तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे कंपनीला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारात ९० दिवस लिहिले असले तरीही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज चढतं, आणि दिवाणी दाव्याऐवजी लघु उद्योगांची थकबाकी सोडवणाऱ्या सुलभीकरण परिषदेत अर्ज करता येतो. मात्र कंपनी 'आधी पीएफचं चलन दाखवा, मग बिल' म्हणत असेल तर ते तिचं बरोबर आहे. तुम्ही पीएफ भरला नाही तर वसुली तिच्याच दारात येते. अर्ज करण्याआधी ते चलन भरून टाका, म्हणजे तिला दुसरी सबब उरणार नाही.