पेन्सिल खाली ठेवू नकोस

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यापासून मन थाऱ्यावर नाही. महापालिकेची उमेदवारी चालून आलीय, घरचेही राजी आहेत, आणि तू मला विचारतेस, ऑफिस बंद करून उभी राहू का? उभी राहा. ऑफिस बंद करू नकोस.

बडोद्यात आर्किटेक्ट म्हटलं की लोक मँटचं नाव काढतात. त्याचा लक्ष्मीविलास राजवाडा पुरा व्हायच्या आधीच, १८८१ मध्ये तो गेला आणि चिझम या दुसऱ्या आर्किटेक्टने काम तडीस नेलं. तू मात्र विल्यम मेसनकडे बघ. जन्म १८१०, इंग्लंडमधलं इप्सविच. १८४० मध्ये सरकारी बांधकामांचा अधीक्षक म्हणून न्यूझीलंडला गेला. नोकरी सोडली, लिलाव केले, शेती केली, पण पेन्सिल सुटली नाही. ऑकलंडचं गव्हर्नमेंट हाउस त्याचंच. सगळं लाकडाचं, पण बघणाऱ्याला दगडी वाटावं असं घडवलेलं! १८६१ मध्ये तिथल्याच ओटागो प्रांतात सोनं सापडलं, त्यातलं ड्युनेडिन शहर भराभर वाढलं, तसा हाही तिकडे गेला. संसदेत होता, आणि १८६५ मध्ये ड्युनेडिनचा पहिला महापौर झाला. त्याच वर्षीच्या मोठ्या प्रदर्शनाची इमारतही त्याचीच, पुढे तिचं रुग्णालय झालं. पोस्टासाठी त्याने आखलेली इमारत १८६८ मध्ये पुरी झाली आणि १८७१ मध्ये ओटागो विद्यापीठ तिथेच सुरू झालं. १९६९ मध्ये ती पाडली, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच्या काळी पद आणि सरकारी काम एकाच माणसाकडे असलेलं चालून गेलं. तू महापालिकेच्या एकाही कामाला हात लावायचा नाही. खासगी घरं कर, दुरुस्त्या कर, पण टेबल चालू ठेव.

का, ते ऐक. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर चढलं ते तू पाहिलंस. नाल्याचा उतार, रस्त्याची लेव्हल, मोरीचा आकार हे सगळं नकाशावर आधीच लिहिलेलं असतं. वाचणारा माणूस महापालिकेत, मतदानाच्या टेबलाशी हवा. आणि वाचायची सवय रोज आखल्यानेच टिकते. रोज, कळलं? पाच वर्षं पेन्सिल बाजूला पडली की तूही ठेकेदार सांगेल त्यावर मान डोलावशील.

मलाही एकदा विचारलं होतं. मी नाही म्हटलं. माझ्या टेबलावर लोकांची अर्धी घरं होती आणि दोन्ही एकदम करता येतं हे सांगणारं कुणी नव्हतं. पुढे आमच्या भागातल्या मोरीचा नकाशा मंजूर झाला तेव्हा मी बाहेरून पत्रं लिहीत बसलो. ती कुणी वाचली नाहीत. तरी घरं पुरी केली, त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी सोडणार नाही. पण तुला निवड करायला लावणाऱ्यांचं ऐकू नकोस. पेन्सिल खाली ठेवू नकोस.

प्रचाराच्या दिवसांत ऑफिसची अडचण होईल ना? सकाळी मी येऊन बसेन, साइटवर मुलांना पाठव. रविवारी दांडिया बाजारात घरी ये, तुझ्या वॉर्डाचा लेव्हलचा नकाशा घेऊन. उमेदवारीचा अर्ज त्यानंतर भरू.

तुझे,
काका