नांगी, पराणी आणि गळाला लागलेला सैतान

प्रश्न : मी मिरजेत राहते, आम्ही हिंदू, पण शेजारच्या काकू ख्रिस्ती होत्या आणि तीस वर्षं आमचं एकमेकींच्या घरात येणंजाणं होतं. मागच्या महिन्यात त्या गेल्या. मयताला गेले तर दफनभूमीत पाळकसाहेबांनी वाचलं, ‘अरे मरणा, तुझी नांगी कोठे?’ आणि इकडं काकूंचा मुलगा पेटीवर माती टाकताना ढसाढसा रडत होता. मला राहवलं नाही, मनात आलं, नांगी कुठं म्हणजे काय, समोरच तर आहे की! नंतर ते असंही म्हणाले की येशूनं वधस्तंभावर ‘सत्ता आणि अधिकारी’ यांच्यावर विजय मिळवला. कुठले अधिकारी, तहसीलदार का? आणि जो स्वतःच मारला गेला तो जिंकला कसा? राग मानू नका, खरंच कळलं नाही म्हणून विचारतेय.
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, राग कसला, हा प्रश्न चर्चच्या बाकावर बसणाऱ्यांनाही पडतो, फक्त ते विचारत नाहीत.

आधी नांगी. ही ओळ पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातली, 15 वा अध्याय, साधारण इसवी सन 55 च्या आसपासचं लिखाण. मराठी बायबलात नांगी म्हटल्यामुळं आपल्या डोळ्यांपुढं सरळ विंचू येतो. मूळ ग्रीक शब्द आहे केंट्रोन, त्याचा एक अर्थ नांगी, आणि दुसरा अर्थ पराणी, बैल हाकायची. बायबलातल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात याच पौलाला येशू म्हणतो की पराणीवर लाथ मारणं तुला जड जाईल, तिथं हाच शब्द आहे. आमच्या आजोबांकडं बैलजोडी होती, पराणीच्या टोकाला लोखंडाची आर असायची, पण मला आठवतंय की आर टोचायची वेळ फार क्वचित यायची, आजोबांनी काठी नुसती उचलली की बैल चालायला लागायचे. दोनचारदा टोचलेली असते ना, पुढं भीतीच काम करते.

आता हे डोक्यात ठेवून बायबलातल्या इब्री लोकांस पत्राचा दुसरा अध्याय वाचा. तिथं म्हटलंय की ज्याच्या हातात मरणाची सत्ता होती त्या सैतानाला येशूनं स्वतःच्या मरणानं निकामी केलं, आणि मरणाच्या भीतीनं जे जन्मभर गुलाम होते त्यांना सोडवलं. भीतीनं गुलाम! मला वाटतं सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या विजयाच्या बोलण्याची खरी किल्ली इथं आहे. सैतान म्हणा, दुरात्मे म्हणा, रोमचा सम्राट म्हणा, सगळ्यांच्या हातात शेवटी एकच काठी, मारून टाकीन. ती येशूवर खरोखर चालवली, माणूस मेला, आणि तिसऱ्या दिवशी देवानं त्याला उठवला, म्हणजे ती काठी मोडली असं त्यांचं लॉजिक. म्हणून नुसता वधस्तंभ धरून हा विजय कळत नाही, पुनरुत्थान काढलं तर पौल स्वतःच म्हणतो, आमचा विश्वास व्यर्थ.

आणि तुमची ती शंका, नांगी समोरच होती, त्यात तुम्ही पौलाच्या फार लांब नाही. त्याच अध्यायात थोडं आधी तो म्हणतो की मरण हा शेवटचा शत्रू, तो नष्ट व्हायचा आहे. आणि नांगीची ओळ येते त्याच्या आधी ‘तेव्हा’ शब्द आहे, म्हणजे हे नाशवंत शरीर अविनाशी होईल तेव्हा हे वचन पूर्ण होईल. तर पाळकसाहेबांनी वाचलं ते झालेल्या गोष्टीचं वर्णन नव्हतं, पुढं कधीतरी मरणाला विचारायचा प्रश्न त्यांनी आधीच विचारून ठेवला. काकूंच्या मुलानं रडू नये असं त्यात कुठंच नाही, लाजर या मित्राच्या कबरीपाशी येशू स्वतः रडला होता.

अधिकाऱ्यांचं आता. तहसीलदार म्हणालात त्यावर मी हसलो, पण पूर्ण चुकीचं नाहीये ते. पाळकसाहेबांचं ते वाक्य कलस्सैकरांस पत्रातलं, तिथं जो शब्द अधिकाऱ्यांसाठी आहे तोच रोमकरांस पत्राच्या 13 व्या अध्यायात सरकारी सत्तेसाठी आहे. त्या काळच्या माणसाला आकाशातल्या अदृश्य शक्ती आणि खालचं राजदरबार हे दोन वेगळे डिपार्टमेंट वाटत नव्हते, प्रत्येक राज्यामागं कुठलीतरी शक्ती उभी आहे असंच धरून चालायचे. कलस्सैकरांसमध्ये (2:15) चित्र आहे रोमन विजयाच्या मिरवणुकीचं. आपल्याकडं मिरवणुकीत मान असणारा दिसावा म्हणून सगळी धडपड, रोमच्या मिरवणुकीत सेनापती रथात, आणि त्याच्या पुढं हरलेले राजे, सरदार साखळदंडात, लोकांनी बघावं म्हणून. यहूदी बंड मोडून इसवी सन 71 मध्ये टायटस आणि त्याचा बाप, सम्राट व्हेस्पेशियन यांनी अशी मिरवणूक काढली, तिच्या शेवटी बंडाचा एक पुढारी सिमोन बार गिओरा याला ठार मारलं, आणि यरुशलेमच्या मंदिरातली लुटलेली दीपवृक्षाची समई आजही रोमच्या टायटसच्या कमानीवर कोरलेली दिसते. आता विचार करा, ज्या राज्यानं येशूला चव्हाट्यावर टांगलं त्याच राज्याच्या मिरवणुकीचं चित्र उचलून हे पत्र म्हणतं, नाही, मिरवणूक उलटी होती, साखळदंडात सत्ताधीश होते. एवढं धाडस! आणि गंमत म्हणजे दुसऱ्या करिंथकरांसमध्ये पौल याच मिरवणुकीत स्वतःलाही चालवतो, बऱ्याच अभ्यासकांच्या मते कैदी म्हणून.

लोकांना हे नुसतं पुस्तकी वाटत नव्हतं. दुसऱ्या शतकात रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की आमची माणसं ‘पंतय पिलाताच्या वेळी वधस्तंभावर खिळलेल्या येशूच्या’ नावानं भुतं काढतात. पिलात म्हणजे येशूला मरणाची शिक्षा देणारा रोमन गव्हर्नर, आणि भूत काढताना त्याचं नाव घेतात हे मला फार बोलकं वाटतं. आणि चौथ्या शतकात यरुशलेमचा बिशप सिरिल सांगतो तो बाप्तिस्मा : पश्चिमेला, म्हणजे अंधाराच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, हात लांब करायचा आणि सैतानाला समोर असल्यासारखं तोंडावर सांगायचं की मी तुला सोडलं, मग पूर्वेला वळायचं. बऱ्याच चर्चमध्ये बाप्तिस्म्याला सैतानाला नाकारायचा प्रश्न आजही विचारतात, पश्चिमेला तोंड करायची पद्धत मात्र आता मुख्यतः ऑर्थोडॉक्स चर्चमध्येच उरली आहे.

प्रश्न : सर, एका व्हिडिओत ऐकलं की देवानं येशूला आमिष म्हणून वापरून सैतानाला फसवलं. हे खरंच ख्रिस्ती शिकवणीत आहे का कोणीतरी फेकलंय? देव फसवतो?
– कॉलेजचा विद्यार्थी, सातारा

उत्तर : फेकलेलं नाहीये, आहे. चौथ्या शतकातला बिशप, निस्साचा ग्रेगरी, आजच्या तुर्कस्तानातला, त्यानं लिहिलंय की माणसाच्या देहाखाली देवत्व असं लपलं होतं जसा आमिषाखाली गळ. माहुलीच्या संगमावर कणकेची गोळी लावून बसलेले लोक बघितले असशील, मासा गोळी गिळतो आणि आतला काटा घशात, तसं मरणानं देह गिळला आणि आतून जीवनच निघालं. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन, त्यानं तर उंदराचा सापळा म्हटलंय, वधस्तंभ म्हणजे सैतानासाठी लावलेला सापळा. पाया पौलाचाच, या युगाच्या अधिपतींना कळलं असतं तर त्यांनी गौरवाच्या प्रभूला वधस्तंभावर दिलं नसतं.

देव फसवतो का, हा प्रश्न निस्साच्या ग्रेगरीलाही बोचला होता, तो म्हणतो फसवणाऱ्याला फसवलं, आणि शेवटी त्याच्याच भल्यासाठी. मला हे पटत नाही, वकिली वाटते. त्याचाच मित्र, दुसरा ग्रेगरी, नाझियांझसचा, तो तर येशूचं रक्त सैतानाला दिलेली खंडणी होती या कल्पनेवर भडकलाच होता, दरोडेखोराला एवढी किंमत कशाला! पुढं अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्म या धर्मपंडितानं सैतानाचा माणसावर काही हक्क आहे ही कल्पनाच काढून टाकली आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये हे विजयाचं बोलणं मागं पडलं, 1930 च्या सुमारास स्वीडनच्या गुस्ताफ आउलेन या धर्मपंडितानं ते परत पुढं आणलं. थिअरी म्हणून घेऊ नकोस, चित्र म्हणून घे. चित्रच बघायचं तर इस्तंबूलच्या जुन्या खोरा चर्चमधलं (आता तिथं मशीद आहे) चौदाव्या शतकातलं भित्तिचित्र नेटवर शोध, येशूनं एका हातानं आदामाला आणि दुसऱ्या हातानं हव्वेला कबरीतून मनगटाला धरून ओढलंय, आणि पायाखाली मोडलेली दारं, आणि अंधारात कुलपं-किल्ल्या इतस्ततः पडल्यात. झूम करून बघ, किल्ल्या नीट दिसतात.

प्रश्न : आमच्या इथल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत बऱ्याच कबरी पूर्व-पश्चिम का आहेत?
– एक वाचक, वाई

उत्तर : जुनी पद्धत आहे, पाय पूर्वेकडं ठेवायचे, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी उठून बसलं की तोंड पूर्वेला, जिकडून ख्रिस्त येणार असं मानतात तिकडं. काही कबरी तिरक्या दिसल्या तर त्यात अर्थ शोधू नका, जागा मिळेल तशा खणलेल्या असतात.