मराठीतून एक्सेलच्या युक्त्या शिकवताना उत्साह कुठून आणावा?

आपण विचारले आहे की, भोसरीतल्या एका कारखान्याचे हिशेब सांभाळून आपल्याला मराठीतून एक्सेलच्या युक्त्यांचे छोटे व्हिडिओ करायचे आहेत. परंतु असे व्हिडिओ आधीच उदंड असताना आपले कोणी का पाहावेत, आणि कॅमेऱ्यासमोर ‘सकारात्मक ऊर्जा’ आणावी म्हणतात ती कशी आणावी. मी पुण्यात लहान व्यावसायिकांना आणि गृहनिर्माण संस्थांचे हिशेब पाहणाऱ्यांना एक्सेल शिकवतो, त्या अनुभवावरून लिहितो.

माझ्या मते ही ऊर्जा चढ्या आवाजातून किंवा मागे वाजणाऱ्या संगीतातून येत नाही. समोरच्या माणसाची नेमकी अडचण आपल्याला ठाऊक आहे, हे त्याला पहिल्या काही वाक्यांतच जाणवले की ती आपोआप येते. म्हणूनच ‘तुम्ही आजवर एक्सेल चुकीचे वापरत होता’ अशी शीर्षके मला मनापासून नापसंत आहेत. अशा शीर्षकांनी प्रेक्षक वाढतही असतील, परंतु ज्या माणसाने आयुष्यभर कीर्दखतावणी बिनचूक लिहिली आणि आता मुलाच्या लॅपटॉपवर सोसायटीची थकबाकी मांडायला घेतली, त्याला पहिल्याच वाक्यात अडाणी ठरवून आपण काय साधतो? त्याला हिशेब येतो. प्रश्न फक्त या साधनाच्या सवयी समजून घेण्याचा आहे.

एक्सेलसारख्या साधनांचा जन्मच मुळी चुकीची धास्ती कमी करण्यासाठी झाला, हेही प्रेक्षकांना एकदा अवश्य सांगा. हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत असताना डॅन ब्रिकलिन यांनी प्राध्यापकांना फळ्यावरच्या कोष्टकातला एक आकडा चुकला म्हणून पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहिताना पाहिले, आणि त्यातून सुचलेली व्हिजिकॅल्क ही एक्सेलच्या आधीची, तशाच कोष्टकांची प्रणाली त्यांनी बॉब फ्रँकस्टन यांच्यासह १९७९ मध्ये बाजारात आणली. एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलावेत, ही तेव्हाची कल्पना आजही नवशिक्याला सर्वाधिक धीर देते.

आता विषयांकडे वळतो. आपल्याकडच्या माणसाला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट म्हणजे तारीख. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची असेल, तर आपण ५ एप्रिल म्हणून लिहिलेले ०५/०४/२०२५ एक्सेल ४ मे समजते, आणि १३/०४/२०२५ मात्र तेरावा महिना नसल्यामुळे निव्वळ मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहते. एकाच स्तंभात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, तर बहुतेक वेळा कारण हेच असते. उपाय सांगण्याआधी त्यामागचे कारण सांगा: एक्सेल तारखेला क्रमांक मानते, १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरला, तर १ एप्रिल २०२५ चा क्रमांक ४५७४८ येतो, आणि म्हणूनच भरणा केल्याच्या तारखेतून देय तारीख वजा केली की उशिराचे दिवस लगेच मिळतात. त्यानंतर ‘डेटा’ टॅबमधील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडून तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ आणि ‘डीएमवाय’ (म्हणजे दिवस, महिना, वर्ष हा क्रम) निवडायला दाखवा. मात्र ज्या तारखा आधीच उलट्या समजल्या गेल्या आहेत, त्या या उपायाने सुधारत नाहीत; त्यासाठी मूळ फाइल पुन्हा घेऊन, सर्व तारखा मजकूर असतानाच ही क्रिया करावी लागते. ही मर्यादा स्पष्टपणे सांगणारे व्हिडिओ मला क्वचितच आढळतात, आणि आपले वेगळेपण नेमके तिथे दिसेल.

दुसरा विषय लाख-कोटींच्या स्वल्पविरामाचा. १,२३४,५६७ असा आकडा पाहून आपल्या माणसाला क्षणभर थांबून मनात पुन्हा मोजणी करावी लागते. यासाठी अटी घालून केलेले ‘कस्टम फॉरमॅट’, म्हणजे आकडा कसा दिसावा याचा आपण लिहिलेला नमुना, सर्रास शिकवले जाते, परंतु धन आकड्यांसाठीच्या दोन अटी त्यात भरल्या की ऋण आकड्यांना जागा उरत नाही, आणि तोट्याचा आकडा पुन्हा परदेशी पद्धतीनेच दिसतो. त्यापेक्षा विंडोजच्या प्रादेशिक मांडणीत जाऊन अंकांचे गट भारतीय पद्धतीचे करणे मला अधिक निर्धोक वाटते. तारखेचा क्रमही तिथेच बदलता येतो.

याखेरीज लहान विषय पुष्कळ आहेत. एक्सेल संख्येतले १५ अंकच जपते, म्हणून १६ अंकी खाते क्रमांक टाकण्यापूर्वी तो स्तंभ ‘टेक्स्ट’ करावा, नाहीतर शेवटच्या अंकाचे शून्य होते. संकेतस्थळावरून चिकटवलेल्या नावांमागची रिकामी जागा ती काढणाऱ्या ‘ट्रिम’ या सूत्राने जात नसेल, तर ते बहुधा १६० क्रमांकाचे अदृश्य चिन्ह असते आणि ते एका चिन्हाच्या जागी दुसरे घालणाऱ्या ‘सब्स्टिट्यूट’ने काढावे लागते. एखादा नमुना पाहून उरलेला स्तंभ, उदाहरणार्थ पूर्ण नावांतून आडनावे, स्वतः भरणारे आणि २०१३ पासून आलेले ‘फ्लॅश फिल’ (कळा कंट्रोल आणि ई) पाहणाऱ्याला हमखास आनंद देते. फक्त मूळ नाव नंतर बदलले तर भरलेला स्तंभ बदलत नाही, एवढे जरूर सांगावे. एका यादीतले नाव शोधून त्यासमोरची माहिती आणणारे ‘एक्सलुकअप’ हे सूत्र उत्तम आहे, पण २०१६ आणि २०१९ च्या आवृत्त्यांत ते नाही आणि अनेक लहान कचेऱ्यांत अजून त्याच आवृत्त्या चालतात, म्हणून जोडीला तेच काम करणारे जुने ‘व्हीलुकअप’ही दाखवा आणि शेवटी ‘फॉल्स’ का लिहायचे ते समजावून द्या, कारण ते न लिहिल्यास एक्सेल जवळपासचे उत्तर देऊन मोकळे होते.

आपला उत्साह टिकवण्यासाठी मी एकच सवय सुचवेन. एका शीटमध्ये लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, शेजारी आपण दिलेले उत्तर, आणि पुढे ‘त्यांचे काम झाले का’ हा स्तंभ. पाहणाऱ्यांची संख्या कमी-जास्त होत राहते आणि तिच्याकडे पाहून मन खचते. याउलट त्या तिसऱ्या स्तंभात ‘झाले’ असा शब्द पडला की पुढचा व्हिडिओ करावासा वाटतो, आणि पुढचे विषयही त्याच शीटमधून मिळतात. उद्धट प्रतिक्रियेतही खरा प्रश्न दडलेला असेल, तर फक्त त्या प्रश्नाला उत्तर द्यावे.

आणखी एक गोष्ट काटेकोरपणे पाळा: कारखान्याची खरी फाइल, कामगारांची नावे किंवा पगार पडद्यावर कधीही येऊ देऊ नका. दहा-बारा काल्पनिक सदनिका आणि त्यांचा देखभाल खर्च अशी नमुना फाइल तयार करा आणि ती प्रेक्षकांनाही द्या, म्हणजे त्यांना आपल्याबरोबर हात चालवता येईल. पहिला व्हिडिओ तारखांचाच करा आणि तो मार्चअखेरच्या धावपळीआधी प्रसिद्ध करा, कारण त्या दिवसांत ही अडचण जवळपास प्रत्येक हिशेबनिसाच्या टेबलावर असते.