चाळीस वर्षं सिगारेट ओढून कॅन्सर झाला, तरी सासरे टेन्शनला दोष देतात. त्यांना खरं कारण कळत नाही का?

कळतं. माझ्या वडिलांनाही कळत होतं.

अण्णा परभणीला जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. बिडीचं बंडल कायम खिशात. फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा त्यांनी आधी जिनिंगच्या धुळीवर ढकललं, मग कपाशीवरच्या फवारणीवर. सुरुवातीला एका डॉक्टरनं टीबी समजून गोळ्या दिल्या होत्या, त्यात बरेच महिने गेले. मग त्या गोळ्यांनीच बिघडवलं म्हणू लागले. वर आज्याचा दाखला होताच: "आज्यानं जलमभर चिलीम वढली, त्याला कामून न्हाई झाला?" पेरलेलं सगळंच उगवत नाही, म्हणून पेरलंच नव्हतं असं होतं का?

पण भेटायला येणारा प्रत्येक जण टेकायच्या आधी विचारायचा, "बिडी होती ना?" हो म्हटलं की त्याचा जीव हळहळायचा थांबायचा. आमचे चुलते तर ओसरीवर, आत अण्णांना ऐकू जाईल असं बोलले: "हातानं वढवून घेतलं. त्याच्यापायी आता रान कामून इकायचं?" त्यानंतर अण्णांनी चारचौघांत बिडीचं नावही काढलं नाही. मला मात्र एकदा रात्री म्हणाले, "बिडीनंच झालं रे. पण त्याहिला सांगू नको."

कारण बिडी-सिगारेटच, यात वाद नाही. इंग्लंडात डॉल आणि हिल या संशोधकांनी 1950 सालीच फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांची इतर रुग्णांशी तुलना करून ते दाखवलं. बिडीला तर फिल्टर नसतो, आणि तेंदूपानाची म्हणून ती विझू नये यासाठी झुरके जास्त मारावे लागतात. जिनिंगच्या धुळीनं छाती भरते, दम लागतो, हे खरं आहे. पण तिच्याआड बिडी लपत नाही.

सासऱ्यांकडून कबुली काढत बसू नका. डॉक्टरला मात्र किती वर्षं, रोज किती, हे खरं सांगा. अजून ओढत असतील तर सोडवा, निदानानंतर सोडली तरी उपचाराला फायदा होतो. आणि हो, कधीच न ओढलेल्यांनाही हा कॅन्सर होतो. चुलीचा धूर, ॲस्बेस्टॉस ही कारणंही आहेत. त्यामुळे दिसेल त्या पेशंटला "ओढत होता का" विचारायचं बंद करा.

घरात कुणी "स्वतःच्या हातानं केलं, मग खर्च कशाला" म्हणालं, तर तिथंच गप्प करा. शुगरनं पाय कापायची वेळ आली तर जिलेबीचा हिशोब कुणी मागत नाही. आमचं रान अण्णांनी जिनिंगमध्ये राबून घेतलेलं होतं. ते त्यांच्या उपचारासाठी विकायला चुलत्यांची परवानगी लागत नव्हती, आणि अण्णांनी बिडी ओढली होती की नव्हती याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.