विदर्भात एवढा कोळसा असून त्यातला गॅस का निघत नाही? नवं तंत्रज्ञान कमी पडतं का?

तंत्रज्ञान कमी पडत नाही, भाऊ. अमेरिकेचा शेल गॅस, म्हणजे शेल नावाच्या घट्ट खडकात अडकलेला गॅस, आडवी विहीर आणि पाण्याच्या दाबाने खडक फोडणं यांच्या जोडीवर उभा आहे. खडक फोडायचा पहिला प्रयोग कॅन्ससमध्ये १९४७ सालीच झाला होता. हे सगळं आज पैसे मोजले की भाड्याने मिळतं.

कोळशाचं गणित वेगळं. मिथेन कोळशाच्या आत चिकटून बसलेला असतो आणि थरातल्या पाण्याच्या दाबामुळे तिथेच राहतो. महिनोन्‌महिने पाणी उपसलं की दाब उतरतो, मग गॅस सुटतो. पण टनामागे गॅस आहे किती, हे आधी कळायला हवं, आणि ते रिगवरच, म्हणजे बोअर घेणाऱ्या यंत्रापाशीच कळतं.

मी नागपूरचाच, कोअर लॉगिंगमध्ये, म्हणजे बोअरमधून निघालेल्या खडकाच्या दांड्याची (कोअरची) नोंद करण्यात वर्षं घालवलेली. मध्य प्रदेशातल्या एका कॅम्पवर खोल थर लागला. वायरलाइन होती, म्हणजे सगळे रॉड न काढता आतली नळी दोरावर झटकन वर येते. कोअर ट्रेमध्ये ठेवला तर ओल्या कोळशावर बारीक बुडबुडे फुटत होते, कान जवळ नेला की तडतड ऐकू यायची. हेल्पर कॅनिस्टरचं, म्हणजे कोअर बंद करून गॅस मोजायच्या हवाबंद डब्याचं, झाकण हातात धरून उभा. आणि साहेब म्हणतात, आधी फोटो काढा, मापं घ्या, वीस मिनिटांनी काय बिघडतं?

बिघडतं. नळी अर्ध्या वाटेवर आली की गॅस सुटायला लागतो. तो कुणालाच मोजता येत नाही. कॅनिस्टर बंद केल्यावरचे पहिले आकडे वेळेच्या वर्गमुळासमोर मांडायचे, रेघ मागे ओढायची आणि गेलेल्या गॅसचा अंदाज बांधायचा. उशीर झाला की रेघ लांबते आणि अंदाजावरचा भरवसा जातो. उशीर लिहिलाच नाही, तर गेलेला गॅस हिशेबातच येत नाही. मी बोललो, ड्रिलरही बोलला. उत्तर आलं, रिपोर्ट तुम्ही लिहिता की मी? रिपोर्टमध्ये त्या वीस मिनिटांचा पत्ता नव्हता, आणि थरावर ‘गॅस कमी’ असा शिक्का बसला. त्या ड्रिलरला कोळशाची जेवढी समज होती, तेवढी ऑफिसात बसून येत नाही.

म्हणून कुणी सेन्सर आणि एआय घेऊन भाषण द्यायला उभा राहिला, की मी एवढंच विचारतो, तुमचा कॅनिस्टर किती वेळात बंद होतो?

आता विदर्भाचं. कामठी, उमरेड, वर्धा खोऱ्यातला कोळसा तुलनेने कच्चा आणि बराचसा उथळ. झारखंड-बंगालच्या झरिया-राणीगंज कोळसापट्ट्यांइतका गॅस त्यात नसतो, आणि कितीही खडक फोडला तरी नसलेला गॅस येत नाही. राणीगंजला २००७ पासून, मध्य प्रदेशात शहडोलच्या सोहागपूर पट्ट्यात २०१७ पासून व्यावसायिक उत्पादन चालू आहे, ते तिथला कोळसा तसा आहे म्हणून. शेलच्या एकेका विहिरीला कोटी लिटरच्या वर पाणी लागतं. आपल्याकडे मे महिन्यात ते कुठून आणणार?

हां, पश्चिमेकडे बेसाल्टखाली काय दडलंय त्याबद्दल मी हे बोलत नाही. तिथे खोल बोअर घेऊनच ठरवावं लागेल.

तुम्ही या लाइनमध्ये असाल, तर गॅसचा रिपोर्ट हातात आल्यावर आधी त्यात तीन वेळांच्या नोंदी शोधा: नळी ओढायला घेतली कधी, वर आली कधी, झाकण लागलं कधी. त्या नसतील तर आकडा परत पाठवा, खाली सही कोणत्याही साहेबाची असो.