“मास्तरकी माझ्यात नाहीच बहुतेक”

“सातवीला गणित शिकवते, ४८ पोरं आहेत. शेजारच्या वर्गात सर नुसते दारात उभे राहिले की सगळे चिडीचूप. माझा मात्र ओरडून घसा बसतो. मास्तरकी माझ्यात नाहीच बहुतेक.”

करवीर तालुक्यातल्या एका बाईंची ही तक्रार (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत). चार छड्या लगावा, असं घरचे सुचवत होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारायला बंदी आहेच. शिवाय चिडीचूप वर्ग शिकतोच असं नाही. त्या सरांच्या वर्गात किती जणांना गणित येतं, हे बाईंनी पाहिलंच नव्हतं.

गुण अंगात आहे की नाही, याचा काथ्याकूट करण्यापेक्षा तासिका मोजावी. मुख्याध्यापकांना विचारून ३५ मिनिटांचा फक्त आवाज फोनवर घेतला, मोजणी झाल्यावर पुसून टाकला. ४१ प्रश्न, उत्तरं त्याच ५ मुलांची. ‘समजलं का?’ १४ वेळा. ‘बाहेर काढीन’ ६ वेळा, काढलं कुणालाच नाही. सहाव्यांदा पोरं हसली. गोंगाट चढत होता तो दोनदाच, हजेरीच्या वेळी आणि बाई फळ्याकडे वळून लिहीत असताना.

म्हणून हजेरीआधीच फळ्यावर एक गणित लिहून ठेवायचं ठरलं. धमकी बंद, एकदा बजावायचं, मग जागा बदलायची, ती बदलायचीच.

खरी मेख प्रश्नांत होती. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांना अभ्यासात आढळलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, बोलणारी मुलं वाढतात. म्हणून आधी प्रश्न, मग मनात एक-दोन-तीन, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे ४७ सुटले! पहिल्या आठवड्यात हे फसलं, त्या तीन सेकंदांत गप्पा सुरू झाल्या. मग थांबायच्या वेळात उत्तर वहीत लिहायला लावलं, तेव्हा जमलं.

‘समजलं का?’ला पोरं ‘होऽऽ’च म्हणणार. त्याऐवजी शेवटची ४ मिनिटं एक गणित, चिठ्ठीवर. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे: बरोबर, आकडेमोडीत चुकलेले, विचारातच चुकलेले. उद्याची तासिका तिसऱ्या गठ्ठ्यापासून. त्यात १/२ + १/३ = २/५ असं २२ जणांनी लिहिलेलं. अंशात अंश, छेदात छेद! इथं नियम पुन्हा सांगून भागत नाही. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला आणि अर्ध्याहून कमी झाली कशी, हे पोरांनाच विचारावं.

शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. घरी अभ्यास घ्यायला कुणी नसलेली मुलं बहुधा याच तिसऱ्या गठ्ठ्यात सापडतात.

सहा आठवड्यांनी उत्तरं देणारे १७ झाले. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचा फुटबॉल सामना असला की शेवटची तासिका अजूनही हातची जाते, त्याला इलाज नाही. मागच्या भेटीत बाईंनी एक चिठ्ठी आणली होती. उत्तराच्या जागी पोरानं विचारलं होतं, “छेद सारखा का करायचा?” तो तास सगळा कागदाच्या भाकरीचे सहा तुकडे करण्यात गेला: अर्ध्याचे तीन, तिसऱ्या हिश्श्याचे दोन.